कारखाना चाकणला, प्रयोगशाळा बंगळूरला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी उजाडला की दावोसचे आकडे येतात. २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्राने तेथे १५ लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे सामंजस्य करार केले आणि त्यातले किती प्रत्यक्षात उतरणार यावरून सत्ताधारी व विरोधक यांच्यात नेहमीप्रमाणे जुंपली. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असे जाहीर झाले, तेव्हा तर राज्यात काही आठवडे दुसरा विषयच नव्हता. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि ज्यावरून एवढे रान उठले तो प्रकल्प त्या रूपात कोठेच उभा राहिला नाही. या गदारोळात एक प्रश्न मात्र विधिमंडळात किंवा बाहेर क्वचितच ऐकू येतो. कारखान्यांच्या गुंतवणुकीत स्वतःला अव्वल म्हणवणाऱ्या राज्यात संशोधनाची गुंतवणूक किती येते, आणि ती यावी म्हणून राज्य सरकार नेमके काय करते? रसायन उद्योगातल्या संशोधन विभागात उमेदीची वर्षे काढलेला एक निवृत्त माणूस म्हणून त्याबद्दल काही मुद्दे मांडावेत, असे वाटले.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी आपल्या व्याख्यानांतून अनेकदा सांगितलेली एक हकीकत येथे महत्त्वाची आहे. १९९० च्या सुमारास ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. पॉलिकार्बोनेट या अभियांत्रिकी प्लास्टिकच्या व्यवसायात अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक ही तेव्हा जगातली आघाडीची कंपनी होती आणि नेमक्या त्याच क्षेत्रात पाषाणच्या या सरकारी प्रयोगशाळेने अमेरिकी पेटंटे मिळवली होती. त्यातून कंपनीशी संशोधनाचे करार झाले आणि भारतातले शास्त्रज्ञ इतके चांगले काम करत असतील तर आपण तेथे का नाही, असा विचार कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांच्या पातळीवर सुरू झाला. त्याची परिणती म्हणजे २००० साली सुरू झालेले, वेल्च यांच्याच नावाचे तंत्रज्ञान केंद्र. ते उभे राहिले बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये. पुणे परिसराला त्याच कंपनीचा कारखाना मिळाला, २०१५ मध्ये, चाकणला.

हे एकच उदाहरण असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. मर्सिडीज-बेंझ १९९४ मध्ये पुण्यात आली आणि आज तिच्या मोटारी चाकणला जुळवल्या जातात. परंतु या कंपनीचे भारतातले मुख्य संशोधन व विकास केंद्र १९९६ मध्ये सुरू झाले तेही बंगळूरला, आणि त्याची पुण्यात आहे ती शाखा. पुण्यात संशोधन केंद्रे आलीच नाहीत, असे म्हणणे अर्थातच अन्यायाचे होईल. कमिन्सचे तंत्रकेंद्र कोथरूडला आहे, जॉन डिअरचे मगरपट्ट्यात आहे. ती आली याचे श्रेय १८५४ पासून चालत आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेला आणि त्यांतून घडलेल्या अभियंत्यांना द्यावे लागेल. सवलतींच्या कोणत्याही शासन निर्णयाचा त्यातला वाटा मला तरी फार मोठा दिसत नाही.

बंगळूरने ही मजल माहिती तंत्रज्ञानाच्या लाटेवर मारली, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे आहे. इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. भारतीय विज्ञान संस्थेची कल्पना जमशेटजी टाटांची, आणि तिच्यासाठी त्यांनी देऊ केलेली संपत्ती म्हणजे मुंबईतल्या चौदा इमारती आणि चार भूखंड. जागेची पाहणी करायला आलेले ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी बंगळूरची शिफारस केली आणि म्हैसूर संस्थानाने ३७० एकरांहून अधिक जमीन विनामूल्य तर दिलीच, शिवाय वार्षिक अनुदानाची हमीही दिली. टाटा १९०४ मध्ये वारले, संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईच्या मालमत्तांचे उत्पन्न बंगळूरच्या प्रयोगशाळांसाठी खर्च होऊ लागले. पुढे १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी विमान कारखाना काढायचा ठरवला, तेव्हाही भागीदार म्हणून पुढे आले ते म्हैसूर संस्थानच, आणि आजचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स मुंबई-पुण्याऐवजी बंगळूरला रुजले. प्रादेशिक सरकारने संशोधनासाठी बाहेरचे भांडवल कसे आणावे, याचा आपल्या देशातला हा बहुधा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत यशस्वी धडा असावा. यातली जमीन सगळ्यांच्या लक्षात राहते. वर्षानुवर्षे न चुकता दिलेले अनुदान कोणी आठवत नाही, आणि माझ्या मते तोच भाग अधिक मोलाचा आहे.

महाराष्ट्राकडे असे काही नव्हते का? होते, आणि ते थेट राज्य सरकारच्याच मालकीचे होते. प्लेगच्या साथीत लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात सुरू झाली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील व धनुर्वातावरील प्रतिद्रव्ये तेथे तयार होत, त्यासाठी पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वपालन केंद्रातून घोडे जात. घोडे आपले, मग औषध आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिच्या सुरुवातीच्या जाणकार मनुष्यबळात हाफकिनमधून आलेले तज्ज्ञ होते. जगात सर्वाधिक लसमात्रा बनवणारी खासगी कंपनी हडपसरला आहे, यामागे परळच्या एका सरकारी संस्थेने साठवलेले ज्ञान आहे. आता आपण या संस्थेचे पुढे काय केले ते पाहावे. १९७५ मध्ये तिचे विभाजन होऊन संशोधन एकीकडे आणि उत्पादनाचे महामंडळ दुसरीकडे झाले. २०१७ मध्ये त्या महामंडळाकडे राज्यातल्या सरकारी रुग्णालयांची औषधे आणि उपकरणे खरेदी करण्याचे काम सोपवण्यात आले आणि २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा होईपर्यंत हाफकिनचे नाव बातम्यांत येत राहिले ते प्रामुख्याने निविदा आणि औषधटंचाई यांच्या संदर्भात. लशीच्या संशोधनासाठी ज्या नावाकडे जगाने पाहावे, त्या नावाला आपण भांडारपालाचे काम दिले.

अशीच एक गळती हैदराबादच्या दिशेने झाली आहे. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे संस्थापक अंजी रेड्डी यांनी औषधनिर्मितीचे शिक्षण माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत घेतले आणि पीएच.डी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून केली. नोकरीसाठी मात्र ते हैदराबादच्या आयडीपीएल या सार्वजनिक कंपनीत गेले, तेथेच राहिले आणि १९८४ मध्ये त्यांनी तेथेच आपली कंपनी काढली. आयडीपीएल पुढे आजारी पडली हे खरे, परंतु तिने एका शहरात इतके औषध-रसायनशास्त्रज्ञ गोळा करून ठेवले होते की, नंतरच्या सरकारांना जीनोम व्हॅली या जैवतंत्रज्ञान वसाहतीसारख्या योजना आखताना रिकाम्या माळावरून सुरुवात करावी लागली नाही.

मग आपली धोरणे कोठे कमी पडतात? महाराष्ट्रात उद्योगांना सवलती देण्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे आणि वेळोवेळी तिच्या नव्या आवृत्त्या निघतात. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पाडायचे, मागास भागात अधिक सवलत द्यायची, हे तिचे मूळ सूत्र आणि ते योग्यच आहे. परंतु सवलतींचे स्वरूप बारकाईने पाहिले तर ध्यानात येते की, ही सारी रचना कारखाना डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. सर्वांत मोठी सवलत म्हणजे राज्याच्या वाट्याच्या वस्तू व सेवा कराचा परतावा. जो माल बनवून विकतो आणि ज्याच्या विक्रीवर कर बसतो, त्यालाच तो मिळणार. प्रयोगशाळा काही विकतच नाही. पाच-सात वर्षांनी तिच्यातून एखादा रेणू, एखादे यंत्र बाहेर पडेल आणि तेही कदाचित दुसऱ्याच राज्यातल्या कारखान्यात बनेल. विद्युत शुल्कातली माफी वितळभट्टीला लाभदायक असेल, चाळीस रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेला तिचे अप्रूप नसते. मुद्रांक शुल्काची माफी एकदाच मिळते. प्रयोगशाळेचा खरा खर्च असतो पगारांचा आणि महागड्या उपकरणांचा. त्यातल्या पगारांना या योजनेत मदत नाही आणि उपकरणांवरचा खर्च भांडवली गुंतवणुकीत धरला, तरी परतावा पुन्हा विक्रीवरच अडतो. पेटंट नोंदणीच्या शुल्कासारख्या बाबींना योजनेत थोडीफार मदत असते, पण गुंतवणूक कोठे करायची याचा निर्णय कोणतीही कंपनी पेटंटच्या शुल्कावरून करत नाही.

तमिळनाडूने हे ओळखलेले दिसते. जागतिक क्षमता केंद्रांसाठी, म्हणजे परदेशी कंपन्यांनी आपल्या कामासाठी येथे उघडलेल्या स्वतःच्या केंद्रांसाठी, त्या राज्याने २०२४ मध्ये पगारावर अनुदान जाहीर केले. दरमहा एक लाख रुपयांहून अधिक वेतनाच्या नव्या नोकऱ्यांसाठी पहिल्या वर्षी वेतनाच्या ३० टक्के, दुसऱ्या वर्षी २० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १० टक्के, अशी ती रचना आहे. महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये अशा केंद्रांसाठी स्वतंत्र धोरण आणले, त्याचे स्वागतच आहे. मात्र या केंद्रांत परदेशी कंपनीची हिशेबतपासणी आणि विदेवरची (डेटावरची) प्रक्रिया चालते, तसेच गाभ्याचे संशोधनही चालते, आणि एकाच पाटीखाली दोन्ही मोजले की, संशोधन वाढले की केवळ कार्यालये वाढली, हे कळायचा मार्ग राहत नाही.

तमिळनाडूची मला याहून अधिक भावणारी गोष्ट म्हणजे आयआयटी मद्रासचे संशोधन उद्यान. राज्य सरकारने दिलेल्या सुमारे साडेअकरा एकर जागेवर ते २०१० पासून सुरू आहे. तेथे जागा घेणाऱ्या कंपनीला नुसते भाडे भरून चालत नाही. प्राध्यापकांबरोबर प्रकल्प करणे, विद्यार्थ्यांना काम देणे, यांतून ठरावीक गुण कमवावे लागतात. आपल्या हिंजवडीत एकरांच्या हिशेबाने कितीतरी मोठे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. तेथे जागा घेताना कोणत्याही कंपनीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी अथवा शेजारच्या पाषाणमधल्या प्रयोगशाळांशी काही संबंध ठेवण्याची अट घातली गेली नाही, कारण ती घालावी असे कोणाला सुचलेच नसावे. जे सुचले, त्यातले वाहतुकीचे नियोजन आपण रोज अनुभवतोच.

जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी महाराष्ट्राचा २०१५ पासून भागीदारीचा करार आहे, आणि मुंबई व स्टुटगार्ट ही तर १९६८ पासूनची भगिनी शहरे. मर्सिडीजचे हे माहेर आपल्या सकल उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून अधिक रक्कम संशोधन व विकासावर खर्च करते, आणि त्यातला बहुतांश पैसा कंपन्यांचा असतो. या राज्याने २०१६ मध्ये स्टुटगार्ट व ट्युबिंगेन या दोन विद्यापीठांच्या आणि माक्स प्लांक सोसायटी या संशोधन संस्थेच्या जोडीने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ‘सायबर व्हॅली’ हा उपक्रम काढला. बॉश, डायम्लर, पोर्शे, बीएमडब्ल्यू अशा कंपन्या सोबत घेतल्या. सरकारी पैसा गेला तो नव्या प्राध्यापकपदांवर, तरुण संशोधकांच्या स्वतंत्र गटांवर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांवर. पुढच्याच वर्षी अ‍ॅमेझॉनने ट्युबिंगेनमध्ये माक्स प्लांक संस्थेच्या शेजारी संशोधन केंद्र काढण्याचे जाहीर केले. ट्युबिंगेन हे विद्यापीठाचे छोटे गाव आहे. तेथे बंदर नाही, स्वस्त मजूर नाहीत, जागाही महाग. कंपनी आली ती तेथल्या माणसांसाठी. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी आंदोलने केली, विद्यापीठाचे सभागृह अडवून धरले आणि कंपनीला जमीन द्यावी की नाही यावर नगर परिषदेत २०१९ मध्ये मतदान झाले, हेही सांगायला हवे. सरकारी संशोधनाचा लाभ खासगी कंपनीच्या खिशात जातो, ही त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. आपल्याकडे असे काही करायचे झाल्यास पेटंटची मालकी आणि स्वामित्वधनातला सरकारी संस्थेचा हिस्सा आधीच लिहून ठेवावा लागेल.

आता आपल्या विद्यापीठांकडे पाहू. राज्यातल्या अकृषी विद्यापीठांत प्राध्यापकांच्या मंजूर पदांपैकी मोठा हिस्सा वर्षानुवर्षे रिक्त आहे आणि अध्यापनाचा गाडा कंत्राटी व तासिका तत्त्वावरील शिक्षक ओढत आहेत. ज्याला तासावर पैसे मिळतात, तो संशोधन कधी करणार आणि कंपनीने कोणाशी करार करावा? एका विद्यापीठातला प्रसंग मी जवळून पाहिला आहे. तेथे रेणूंची रचना तपासणारे एनएमआर हे कोट्यवधींचे यंत्र होते आणि परिसरातल्या लहान औषध-रसायन कारखान्यांना ठरावीक शुल्कात ते वापरता येत असे. या यंत्रातला चुंबक द्रवरूप हेलियममध्ये बुडवून थंड ठेवावा लागतो आणि दर काही महिन्यांनी हेलियम भरावा लागतो. तो भरला नाही तर चुंबक बसतो आणि पुन्हा उभा करायला लाखो रुपये लागतात. हेलियमच्या खरेदीला तीन दरपत्रके लागत होती, पुरवठादार दोनच होते. फाइल लेखा विभागातून आक्षेप घेऊन परत आली, पुन्हा गेली, तोवर आर्थिक वर्ष संपले. यंत्र बंद पडले आणि आमच्यासारख्यांचे नमुने कुरिअरने हैदराबादला जाऊ लागले. तेथल्या खासगी प्रयोगशाळेचा अहवाल आठवडाभरात ई-मेलवर येत असे. उद्योजकाला कोणते राज्य संशोधनाला अनुकूल आहे, याची माहिती अशाच वाटेने मिळते. त्याला कोणी परिषदेचे निमंत्रण पाठवावे लागत नाही.

पैसा नाही, असे उत्तर यावर मिळेल. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन व विकासावरचा एकूण खर्च सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. त्यात केंद्राचा वाटा ४३.७ टक्के, खासगी उद्योगांचा ३६.४ टक्के आणि सर्व राज्य सरकारांचा मिळून अवघा ६.७ टक्के होता, आणि त्यातला बराचसा खर्च कृषी विद्यापीठांचा असतो. कंपन्यांना संशोधन खर्चावर मिळणारी प्राप्तिकरातली २०० टक्क्यांची वजावट केंद्राने २०१७ पासून १५० टक्क्यांवर आणि २०२० पासून १०० टक्क्यांवर आणली. दुसरीकडे २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभारण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यावेत, अशी अपेक्षा आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी एक लाख कोटींच्या निधीला मंजुरी दिली. म्हणजे पैसा दिल्लीत तयार आहे. तो ज्या राज्यातल्या संस्था सक्षम असतील आणि जेथले सरकार जोड-निधी टाकायला राजी असेल, तेथे जाईल. शासकीय तिजोरीवर एका अतिविशाल प्रकल्पाच्या करपरताव्याचा जो भार पडतो, त्याच्या तुलनेत असा जोड-निधी फार मोठा असणार नाही.

रसायन तंत्रज्ञान संस्थेचे उदाहरण येथे बोलके आहे. माटुंग्याच्या या संस्थेची शाखा २०१८ मध्ये भुवनेश्वरला सुरू झाली, कारण ओडिशा सरकारने तिला बोलावले आणि इंडियन ऑइलने खर्चाची जबाबदारी घेतली. त्याच वर्षी जालन्यालाही शाखा सुरू झाली. मराठवाड्याच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट आहे. परंतु जालन्याच्या शाखेमागे तशी एखादी मोठी कंपनी उभी करण्याचा प्रयत्न आपल्या उद्योग विभागाने का करू नये? जालन्यात पोलाद आहे, बियाणे उद्योग आहे, शेजारी छत्रपती संभाजीनगरला औषधनिर्मिती आहे.

माझी मागणी मर्यादित आहे. सामूहिक प्रोत्साहन योजनेत संशोधनासाठी वेगळा विभाग करून त्यातली मदत विक्रीवरील कराऐवजी संशोधकांच्या वेतनाशी जोडावी, आणि राज्यातल्या विद्यापीठाशी अथवा प्रयोगशाळेशी करार असेल तर ती वाढवावी. विद्यापीठांतली विज्ञान शाखांची रिक्त पदे आधी भरावीत. उपकरणांची देखभाल आणि हेलियमसारख्या नित्याच्या वस्तू यांसाठी विभागप्रमुखांना खर्चाचा अधिकार द्यावा. डॉ. अनिल काकोडकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने ज्याचे अध्यक्षपद भूषवले, तो राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग २००४ पासून राज्यात आहे. या सगळ्याचा समन्वय त्याच्याकडे निधीसह सोपवता येईल, त्यासाठी नवे महामंडळ काढण्याचे कारण नाही.

आणि अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी विधिमंडळात मांडल्या जाणाऱ्या ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ या अहवालात, मंजूर प्रकल्प व परकीय गुंतवणूक यांच्या तक्त्यांच्या शेजारी आणखी एक तक्ता द्यावा : राज्य सरकारने संशोधनावर केलेला खर्च, विद्यापीठांतली भरलेली आणि रिक्त पदे, राज्यातल्या संस्थांनी उद्योगांना वापरासाठी दिलेली पेटंटे आणि खासगी प्रयोगशाळांत काम करणाऱ्या पीएच.डी.धारकांची संख्या. त्यातली बहुतेक माहिती मंत्रालयातल्याच दोन-तीन विभागांकडे असली पाहिजे. नसेल, तर ती गोळा करण्याचे काम येत्या अधिवेशनापूर्वी सुरू करता येईल.

आपला,
एक निवृत्त संशोधन-रसायनशास्त्रज्ञ,
पुणे